विभाग कार्यालयातल्या जुन्या तसबिरी, अर्धपुतळे आणि फलक: आधी नोंद, मग फडकं

दरवर्षी हेच होतं. जयंती दोन दिवसांवर येते, मोठे साहेब येणार असल्याचा निरोप येतो आणि सभागृहातल्या तसबिरी पुसायला कुणीतरी बादलीत फिनेल कालवून आणतं. जिन्यातल्या संगमरवरी फलकावर संडासाचं ॲसिड पडतं, पितळी पाटीवर पॉलिश घासलं जातं. संध्याकाळपर्यंत सगळं चकाचक होतं. नुकसान दिसायला सहा महिने लागतात, तोवर कुणी काय केलं हे कुणाला आठवत नाही.

मुंबईतली विभाग कार्यालयं, पालिकेच्या शाळा, रुग्णालयं आणि मंडया इथे अशा शेकडो वस्तू आहेत: देणगीदारांची तैलचित्रं, अर्धपुतळे, कोनशिला, लंबकाची घड्याळं, कोरीव खुर्च्या. त्यांची काळजी ज्यांच्याकडे आपसूक येते त्या हेडक्लार्क, दुय्यम अभियंते, ग्रंथपाल आणि मुख्याध्यापकांसाठी हे लिहिलं आहे. स्थानिक नागरिक मंडळ मदतीला असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल. यातलं काहीही अवघड नाही. चुकतो तो क्रम. लोक सफाईपासून सुरुवात करतात, आणि सफाई या यादीत सहावी येते.

१. आधी कागद

सहायक आयुक्तांच्या नावे (शाळा-रुग्णालयात तिथल्या प्रमुखांच्या नावे) एक पानी टिप्पणी ठेवा. कोणत्या इमारतीतल्या वस्तूंची नोंद करायची, कोण करणार, किती दिवस लागतील आणि वस्तू इमारतीबाहेर जाणार नाहीत, एवढं पुरे. मंजुरीची प्रत नोंदवहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. नाहीतर तुम्ही शिडीवर असताना कुणीतरी विचारणारच, "हे कुणाच्या ऑर्डरनं चाललंय?"

मग डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, काढा. जितकं जुनं मिळेल तितकं. एका कार्यालयात मी पाहिलेली नोंद अशी होती: "फोटो फ्रेम मोठी, १ नग, मोडकी." पुढे लाल शाईत "निर्लेखनास पात्र", म्हणजे नोंदीतून कमी करून भंगारात काढण्याजोगी. ही फ्रेम स्टीलच्या कपाटामागे उलटी टेकवलेली होती. सरळ केली तर आत माणसाच्या उंचीचं तैलचित्र निघालं. खालच्या उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही होती आणि मागे गिरगावातल्या फ्रेमवाल्याची पिवळी पडलेली चिठ्ठी. मोडकी होती ती फक्त चौकटीची खालची पट्टी. पुढच्या महिन्यात भंगारवाला यायचा होता.

म्हणून रजिस्टरमध्ये "फोटो फ्रेम", "पुतळा पांढरा", "पाटी जुनी" असं जिथे दिसेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. तुमची यादी तिथून सुरू होते.

थांबा: काम पूर्ण होईपर्यंत निर्लेखनाची यादी रोखून धरा, आणि तसं लेखी मागा. १९७२च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षं जुनं शिल्प, चित्र किंवा कोरीव लेख हा पुरावशेष ठरतो. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक मोलाचे दस्तऐवज यांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू भंगारात काढणं ही साधी कारकुनी चूक राहत नाही.

२. हंगाम निवडा

तसबिरी उतरवायच्या असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॅनव्हासला हात लावू नका. पावसाळ्यात हवेतला दमटपणा कॅनव्हासवर रंगाखाली दिलेल्या सरसात मुरतो, कापड सैल पडतं आणि रंगाचा थर त्यावर नुसता टेकून राहतो. तेव्हा उतरवताना बसलेला एक धक्का पापुद्रे पाडायला पुरेसा असतो. पावसाळ्यात फक्त पाहा, फोटो काढा आणि बादली सरकवा.

सामान फार लागत नाही. मोजपट्टी, टॉर्च, भिंग, मऊ पेन्सिल, सुती नाडी, शेळीच्या केसांचा रुंद ब्रश, फोमचे ठोकळे, दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र (काही शे रुपयांत मिळतं) आणि मांजरपाट. कोरं मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन घ्या. त्यातल्या खळीवर कसर आणि झुरळं येतात, आणि आपण हौसेनं तेच चित्रावर पांघरतो.

३. वस्तू नेमकी कशाची आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून घाई करू नका.

भिंतीवरची प्रत्येक "तसबीर" तैलचित्र नसते. भिंगातून पाहा. कापडाची वीण आणि रंगाचा उंचसखलपणा दिसला तर तैलचित्र. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील प्रत. आणि चेहरा फोटोसारखा गुळगुळीत पण ओठ, पगडी, शालीची किनार यांवर ब्रशचे फटकारे असतील, तर तो फोटो मोठा करून वर हातानं रंगवलेला आहे. मुंबईच्या जुन्या कार्यालयांत ही तिसरी जात खूप सापडते, आणि मरतेही तीच सर्वाधिक. दमटपणानं फोटोचा थर काचेला चिकटतो. काच काढायला गेलं की चेहरा काचेबरोबर निघून येतो.

थांबा: काचेच्या आत ओलसर, चकाकणारा डाग दिसला तर फोटो चिकटलेला आहे असं समजा. फ्रेम उघडू नका. नोंदीत "काच चिकटली" असं लिहा आणि पुढे चला.

अर्धपुतळ्यांचं आणखी वेगळं. तांबूस-काळा दिसतो म्हणून तो ब्राँझचा, असं धरून चालू नका. कितीतरी पुतळे प्लास्टरचे असतात, वरून ब्राँझचा रंग दिलेला. तळाशी किंवा कानामागे टवका उडालेला शोधा. आत पांढरं दिसलं तर प्लास्टर. नखानं हलकी टिचकी मारा, धातू वाजतो, प्लास्टर बद्द आवाज देतं. प्लास्टरला पाणी लागलं की ते आतून भुसभुशीत होतं, आणि वरचा रंग शाबूत असल्यामुळे कळतही नाही.

पुतळ्याच्या मागची बाजू आणि बैठकीची कड टॉर्च तिरपा धरून पाहा. शिल्पकाराची सही बहुधा तिथेच असते. गणपतराव म्हात्रे, विनायकराव करमरकर, बाळाजी तालीम अशी नावं या शहरात कुठल्याही कोपऱ्यात निघू शकतात. सहीवर वर्षानुवर्षांचा ऑइलपेंट बसलेला असेल तर खरवडू नका. जेवढी अक्षरं दिसतात तेवढीच, जशी दिसतात तशी उतरवा.

फलकांत एकच गोष्ट तपासा: अक्षरं नुसती कोरलेली आहेत, कोरून रंग भरलेला आहे, की शिसं भरलेलं आहे? शिशाची अक्षरं करडी आणि किंचित उठावदार दिसतात. एखादं अक्षर गळून नुसती भोकं उरली असतील तर भोकांच्या जागेवरूनही अक्षर वाचता येतं. त्याचाही फोटो हवा.

४. क्रमांक द्या, नोंद करा, फोटो काढा

हा टप्पा पुरा झाल्याशिवाय कुणाच्या हातात फडकं द्यायचं नाही.

क्रमांक साधा ठेवा. तसबिरीला त-०१, पुतळ्याला पु-०१, फलकाला फ-०१, लाकडी सामानाला ल-०१. क्रमांकात मजला किंवा खोली घालू नका. वस्तू हलतात. काळा घोडा हा पुतळा १९६५मध्ये भायखळ्याच्या राणीबागेत गेला, नाव मात्र चौकातच राहिलं. तुमच्या पुतळ्याचं तसं झालं तर पुढचा माणूस "दुसरा मजला" असं लिहिलेला पुतळा तळघरात शोधत बसेल. जागेसाठी नोंदवहीत वेगळा रकाना ठेवा आणि तो पेन्सिलीनं भरा.

क्रमांक वस्तूवर लिहायचा नाही. सुती नाडीला कागदी चिठ्ठी बांधून ती चौकटीच्या मागच्या हुकाला किंवा खुर्चीच्या आतल्या आडव्या पट्टीला अडकवा. मार्कर पेन, स्टेपलर, सेलोटेप आणि डेडस्टॉकचे ते पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेले आकडे, हे चारही बंद. संगमरवरी पुतळ्याच्या बैठकीवर ठळक पांढऱ्या आकड्यांत नग क्रमांक टाकलेला मी पाहिला आहे. तो काढायचा खर्च पुतळा स्वच्छ करण्यापेक्षा जास्त होता.

नोंदीत एवढं असलंच पाहिजे: क्रमांक, काय आहे, कशाचं आहे, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये (चौकटीसह आणि चौकटीशिवाय), त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, सही, मागच्या चिठ्ठ्या, आजची अवस्था, कुणी आणि कधी पाहिलं. मजकूर गुजराती किंवा इंग्रजीत असेल तर भाषांतर करून मोकळं होऊ नका. मूळ लिपीत उतरवा, खाली मराठी लिहा. नावात चूक वाटली तरी सुधारायची नाही.

अवस्था लिहिताना "ठीक", "खराब" हे शब्द वापरू नका. "खालच्या डाव्या कोपऱ्यात १२ सेंमी फाटलेलं", "नाकाचं टोक तुटलेलं, तुकडा सापडला नाही", "पाठीमागे वाळवीची माती, सुकी" असं लिहा. पुढच्या वर्षी तेच माप १५ झालं तर काहीतरी चालू आहे हे कळेल.

फोटो मोबाइलवर चालतात. प्रत्येक वस्तूचे निदान सहा: समोरून, मागून, सही, मजकूर, बिघाड आणि एक टॉर्च बाजूनं तिरपा धरून. तिरप्या उजेडात सुटलेला रंग माशाच्या खवल्यांसारखा उभा दिसतो, समोरून तो अजिबात दिसत नाही. शेजारी मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी धरा. फ्लॅश बंद. फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून तेवढ्यावर भागवू नका, तिथे ते बारीक होतात. मूळ फाइल क्रमांकाच्या नावानं दोन ठिकाणी साठवा.

तपासा: नोंदवही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि फक्त तिच्यावरून पाच वस्तू शोधायला सांगा. त्याला तुम्हाला हाक मारावी लागली तर नोंद अपुरी आहे.

५. खाली उतरवायची असेल तर

खरंच उतरवायची आहे का, हे आधी विचारा. मागची तार गंजलेली, भिंत ओली किंवा चौकट सुटलेली नसेल तर राहू द्या.

उतरवायचीच असेल तर वस्तू कुठे ठेवायची ती जागा आधी तयार करा. चित्र हातात आणि टेबलावर फायलींचे गठ्ठे, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. दोन माणसं, घड्याळ-अंगठ्या काढलेल्या, पट्ट्याचं बक्कल झाकलेलं. तिसरा फक्त वाट मोकळी करायला. चौकट वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही, एक हात खाली आणि एक बाजूला. टेकवताना फोमच्या ठोकळ्यांवर, चित्राचं तोंड भिंतीकडे, पण भिंतीला न लागता. वर धुतलेलं मांजरपाट. बबलरॅप थेट रंगावर नको, मुंबईच्या उकाड्यात त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात.

दगडी किंवा धातूचा पुतळा स्वतः हलवू नका. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४मध्ये उचलताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले. तो आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी जोडलेल्या अवस्थेत उभा आहे. तुमच्याकडे क्रेन नसून चार शिपाई आणि एक नायलॉनची दोरी असते.

६. सफाई, आणि कुठे थांबायचं

कार्यालयानं स्वतः करायची सफाई फक्त कोरडी. यापलीकडचं सगळं तज्ज्ञाचं.

तैलचित्र: तिरप्या उजेडात एकही खवला उभा नसेल तरच मऊ ब्रशनं वरून खाली धूळ उतरवा. खवला दिसला की ब्रश खाली ठेवा. ओलं फडकं, कापलेला बटाटा, पाव, खोबरेल, जवसाचं तेल हे सगळे घरगुती उपाय मी कार्यालयात ऐकले आहेत आणि त्यांचे परिणामही पाहिले आहेत. बटाट्याची पिठी भेगांत बसते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. तेलानं चित्र दोन महिने उजळ दिसतं, मग काळं-पिवळं पडतं, आणि ते तेल पुन्हा निघत नाही.

संगमरवर: कोरडा ब्रश. ॲसिड, लिंबू, चिंच, व्हिनेगर काही नाही. आंबट ते सगळं संगमरवर खातं. फसफस झाली की "मळ निघतोय" असं वाटतं, प्रत्यक्षात दगड निघत असतो. नंतर पृष्ठभाग साखरेसारखा खरबरीत होतो आणि धूळ दुप्पट धरतो. एका जिन्यातल्या फलकावर दर पाहणीआधी हाच प्रयोग व्हायचा. मी गेलो तेव्हा देणगीची रक्कम वाचता येत होती, देणगीदाराचं नाव बोटांनी चाचपावं लागलं.

पितळ: चमकवायचं नाही. प्रत्येक पॉलिशबरोबर अक्षरांच्या कडा झिजतात, आणि कोपऱ्यात सुकलेली पांढरी पेस्ट तिथेच राहून पितळ खाते.

ब्राँझ: घट्ट, गुळगुळीत हिरवट-तपकिरी थर असेल तर तो पुतळ्याचा स्वतःचा आहे, त्याला हात लावू नका. पण फिकट हिरवी भुकटी दिसली, आणि ब्रशनं झाडल्यावर काही दिवसांत पुन्हा आली, तर खाऱ्या हवेतल्या क्लोराइडनं आतून गंज धरला आहे. फोटो, तारीख आणि लगेच तज्ज्ञ.

लाकूड: कोरडं सुती फडकं. वाळवी दिसली तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण तो येण्याआधी चित्रं त्या भिंतीवरून काढा. तो फवारा कुणाचं ऐकत नाही.

थांबा: इमारतीचं रंगकाम निघालं की सगळे फलक आधी प्लास्टिकनं झाका आणि कडांना कागदी टेप लावा. नाहीतर रंगारी कोनशिलेवर डिस्टेंपर फिरवतो, आणि उरलेल्या वेळात प्रेमानं कोरीव अक्षरांत काळा ऑइलपेंट भरतो, दोन काने जास्त देऊन.

७. परत लावताना

बाहेरची भिंत टाळा. पावसाळ्यात ती आतून ओल धरते. पर्याय नसेल तर चौकटीच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. जुनी तार फेकून द्या, नवी घ्या, हुक दोन हवेत.

एसीखाली किंवा एसीसमोर चित्र नको. दिवसभर एसी, संध्याकाळी सहाला बंद, रात्रभर कोंदट, असं रोज होत असेल तर कॅनव्हास रोज ताणतो आणि सैल पडतो. मुंबईत दमटपणा संग्रहालयाच्या पातळीवर आणणं आपल्याला झेपणार नाही, पण ही रोजची ओढाताण टाळता येते. एसीच्या पाण्याची नळी भिंतीतून कुठून जाते तेही विचारून घ्या.

फोटो आणि जलरंग खिडकीसमोर नकोत. तैलचित्राला १५० ते २०० लक्स (उजेडाचं माप) चालतात, फोटोला ५० पुरेत. चौकटीवर चिकटवलेले पिवळे दिवे काढून टाका.

इमारत वारसा यादीत असेल तर भिंतीला नवीन भोक पाडण्याआधी पालिकेच्या पुरातन वारसा विभागाला विचारा. खिळाच तो, असं म्हणणाऱ्याला ड्रिल देऊ नका.

८. जयंती, पुण्यतिथी, हार

हार बंद करा असं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि सांगूही नये. जागा मात्र बदलता येते. पुतळ्याच्या फूटभर पुढे, छातीच्या उंचीचा एक लोखंडी स्टँड करून घ्या. हार स्टँडवर, फोटोत तो पुतळ्यावरच दिसतो. तसबिरीच्या चौकटीला हारासाठी ठोकलेले खिळे काढू नका, चौकट फुटेल, फक्त नवे ठोकू देऊ नका.

कुंकू संगमरवरात मुरतं आणि राहतं. टिळा लावायचाच असेल तर पुढे ठेवलेल्या छोट्या फोटोला. समई आणि उदबत्ती निदान चार फूट लांब. दुधाचा अभिषेक प्लास्टरच्या पुतळ्याला चालत नाही हे कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात सांगा, त्या सकाळी सांगून भांडण होतं. कार्यक्रम संपल्यावर त्याच दिवशी हार उतरवा. सुकलेल्या झेंडूचा रस आणि ओली दोरी जे करतात ते रात्रीत करतात.

९. तज्ज्ञ बोलावताना

इमारत दुरुस्तीच्या निविदेत "तसबिरी व पुतळे रंगवणे, पॉलिश करणे" अशी बाब आली की काम संपलं. सर्वांत कमी दराचा ठेकेदार पुतळ्याला सोनेरी रंग देणारच, कारण तुम्ही तेच मागितलं आहे. ही बाब वेगळी काढा. त्यात तीन गोष्टी लिहा: कामाआधी आणि कामानंतर फोटोंसह लेखी अहवाल, जुन्या रंगावर नवा रंग न चढवणं, आणि वापरलेलं साहित्य पुढे कधीही काढता येण्याजोगं असणं. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे. सल्ल्यासाठी पहिला दरवाजा तो ठोठावा. जाताना नोंदवही न्या. "आमच्याकडे एक जुनं चित्र आहे" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही, तुमच्या सहा फोटोंवर सांगू शकतं.

१०. मे महिन्यातली फेरी आणि चार्ज

वर्षातून दोन फेऱ्या: मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पाऊस सरल्यावर. मेमध्ये फक्त तीन प्रश्न. वरून गळेल का? मागून ओल येईल का? खालून पाणी चढेल का? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणून तळमजला सुरक्षित आहे असं धरू नका. खालच्या खोल्यांत जमिनीवर टेकवलेलं काहीही ठेवू नका. पाणी आलं किंवा आग लागली तर आधी काय उचलायचं त्या पाच क्रमांकांची चिठ्ठी पहारेकऱ्याच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. रात्री दोन वाजता तोच असतो.

आणि बदली. ही नोंदवही चार्जच्या यादीत स्वतंत्र बाब म्हणून घाला, "इतर कागदपत्रे" यात नाही. चार्ज देताना नव्या माणसाला टेबलावर सही करू देऊ नका. त्याला उठवा, इमारतभर फिरवा, प्रत्येक क्रमांक वस्तूशी ताडून दाखवा, कपाटामागेही वाकून बघायला लावा, आणि मग सही घ्या.